प्युअर डेटा: ८ बारचा रायझर सरळ चढत नाही, वर पोचला की चिवचिवतो

खर्ज_षड्ज यांचा प्रश्न

मंडळी, प्युअर डेटामध्ये (डबे वायरींनी जोडून आवाज बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटा सिंथ बांधतोय. गाणं काळी एकमध्ये आहे, टेम्पो १२८. ड्रॉपच्या (बिल्डअपनंतर मुख्य ठेका सुरू होतो ती जागा) आधी ८ बारचा रायझर (ताण वाढवत चढत जाणारा आवाज) हवा आहे, म्हणजे ३२ मात्रा, बरोबर १५ सेकंद. खालच्या सा पासून तीन सप्तकं वरच्या सा पर्यंत स्वर सलग चढायला हवा.

सध्याची रचना: मेसेज बॉक्समध्ये ‘१३८.६, ११०८.७ १५०००’, तो जातो ‘लाइन~’ ला (आकडा ठरल्या वेळेत सरळ रेषेत नेतं), तिथून ‘फेझर~’ (करवती लहर), मग ‘*~ ०.२’ आणि ‘डॅक~’ (स्पीकरकडे). अडचणी चार:

१. पहिल्या दोन-तीन सेकंदांत स्वर एकदम उसळतो. शेवटचे सात-आठ सेकंद मात्र तो जवळजवळ जागच्या जागी असल्यासारखा वाटतो. बिल्डअपला नेमकं उलट हवं.

२. हाच चढ मिडी कंट्रोलरच्या नॉबने करायला गेलं की पायऱ्या ऐकू येतात.

३. वरच्या सप्तकात मूळ स्वर चढत असताना मागे काहीतरी बारीक चिवचिवत खाली येतं. ईक्यूने जात नाही.

४. ड्रॉपनंतर त्याच आवाजात सा ते ग, सा ते प अशा मींडी हव्या आहेत. ‘लाइन~’ ने केलेली मींड यंत्रासारखी वाटते.

सॅम्पल रेट ४४,१००, ब्लॉक ६४. फक्त व्हॅनिला, बाहेरची लायब्ररी नको. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(ऑब्जेक्टची नावं इथे देवनागरीत लिहितोय, पॅचमध्ये अर्थातच नेहमीची.)

पट्टीबदल यांचा प्रतिसाद

पहिल्या अडचणीपासून सुरू करतो. तुम्ही रॅम्प हर्ट्झमध्ये काढताय. कान हर्ट्झमधला फरक मोजत नाही, गुणोत्तर मोजतो. १३८.६ ते ११०८.७ हा प्रवास सरळ रेषेत १५ सेकंदांत केला तर वेग सेकंदाला ६४.७ हर्ट्झ पडतो. त्या वेगाने पहिलं सप्तक २.१४ सेकंदांत संपतं, दुसऱ्याला ४.२९ लागतात आणि तिसऱ्याला ८.५७. तुम्हाला जे ऐकू येतंय ते हेच.

रॅम्प नोट क्रमांकात काढा आणि हर्ट्झमध्ये रूपांतर सगळ्यात शेवटी करा. काळी एकचा खालचा सा म्हणजे मिडी ४९, तीन सप्तकं वर ८५. मेसेज ‘४९, ८५ १५०००’ → ‘लाइन~’ → ‘एमटूएफ~’ → ‘फेझर~’. आता दर सप्तकाला ५ सेकंद, म्हणजे सेकंदाला २.४ सेमीटोन. ‘एमटूएफ~’ नोट क्रमांकाचे हर्ट्झ करतं आणि दशांशातले क्रमांकही घेतं, त्यामुळे मधल्या कुठल्याही श्रुतीवर थांबता येतं. शिवाय शेवटी नेमका सा मिळतो, ११०८.७ लिहिताना झालेली काटछाट राहत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, शेपूट (~) नसलेलं ‘एमटूएफ’ आधी लावून त्याचं उत्तर ‘लाइन~’ ला देणं. मग रूपांतर फक्त दोन टोकांचं होतं, मधला प्रवास पुन्हा हर्ट्झमध्येच. दुसरी, ‘लाइन~’ ऐवजी साधं ‘लाइन’ वापरणं. ते डीफॉल्टने दर २० मिलिसेकंदांनी एक आकडा फेकतं. १५ सेकंदांच्या चढात एक पायरी ४.८ सेंटची (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) पडते, म्हणजे फार तर जराशी खरखर. पण ३०० मिलिसेकंदांत एक सप्तक चढवलंत तर तीच पायरी ८० सेंटची होते, आणि मग ती सरळसरळ हार्मोनियमवर बोट फिरवल्यासारखी ऐकू येते.

बिल्डअपसाठी समान वेगही थोडा मवाळच वाटेल. शेवटाकडे वेग वाढवायचा तर रॅम्प ० ते १ असा काढा: ‘०, १ १५०००’ → ‘लाइन~’ → ‘पॉव~ २’ → ‘*~ ३६’ → ‘+~ ४९’ → ‘एमटूएफ~’. वर्ग केला की अर्ध्या वेळेत फक्त ९ सेमीटोन चढतात आणि शेवटच्या ३.७५ सेकंदांत पावणेसोळा. घन केला, म्हणजे ‘पॉव~ ३’, तर अर्ध्या वेळेत साडेचार आणि शेवटच्या पावात जवळजवळ २१. घनाच्या पुढे जाऊ नका. मग सुरुवातीला चढच जाणवत नाही, नुसता एक लांब सूर ऐकू येतो.

सॉटूथ_साहेब यांचा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१, पण हर्ट्झमधला रॅम्प सरसकट चूक नाही. तोच उलटा फिरवून पाहा: ११०८.७ वरून १३८.६ कडे. आता पहिलं सप्तक उतरायला ८.५७ सेकंद लागतात आणि शेवटचं २.१४ सेकंदांत कोसळतं. ड्रॉपनंतरच्या उतारासाठी हा आकार तयार मिळतो, ‘पॉव~’ चीही गरज नाही.

दुसरं, रायझर जाड करायला दोन-तीन आवाज थोडे बेसूर लावत असाल तर तो फरक कुठे मिसळता याला महत्त्व आहे. ‘एमटूएफ~’ च्या आधी ०.१ मिळवलंत, म्हणजे १० सेंट, तर खालच्या सा ला दोन आवाजांतली डोल सेकंदाला ०.८ वेळा होते आणि वरच्या सा ला ६.४ वेळा. स्वराबरोबर थरथर वाढत जाते, ताण चढतो, बहुतेक वेळा हेच हवं असतं. डोल शेवटपर्यंत एकसारखी ठेवायची असेल तर ‘एमटूएफ~’ च्या नंतर हर्ट्झमध्ये मिळवा, समजा ‘+~ २’.

आता तिसरी अडचण, कारण ईक्यूने ती कधीच जाणार नाही. ‘फेझर~’ हा सरळ काढलेला करवती आकार आहे, त्यात अनंत हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) असतात. २२,०५० हर्ट्झच्या, म्हणजे सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या, वर जे जातात ते आरशातल्यासारखे उलटून खाली येतात. वरच्या सा ला १९ वा हार्मोनिक २१,०६६ वर असतो, तोपर्यंत ठीक. ३५ वा ३८,८०६ वर जायला हवा, पण ४४,१०० मधून वजा होऊन ५,२९४ वर दिसतो. पातळी मूळ स्वरापेक्षा जेमतेम ३१ डेसिबल खाली, आणि ती जागा कानाला फार तीक्ष्ण. समान वेगाच्या चढात त्या टोकाला मूळ स्वर सेकंदाला साधारण १५४ हर्ट्झने वर सरकत असतो, म्हणून हा उलटलेला ३५ वा सेकंदाला सुमारे ५,४०० हर्ट्झने खाली घसरतो. शेजारचे हार्मोनिक आपापल्या वेगाने घसरतात. तीच तुमची चिवचिव. स्थिर स्वरात हे नुसतं खरखरीत वाटून खपून जातं, सलग चढात लपत नाही.

उपाय दोन. एक, ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे तेवढा भाग चौपट सॅम्पल रेटने चालवणं: आवाजाचा भाग सबपॅचमध्ये ठेवून आत ‘ब्लॉक~ ६४ १ ४’. आता २० किलोहर्ट्झच्या खाली उलटून येणारे हार्मोनिक २२ व्यापासून नाही, १४२ व्यापासून सुरू होतात. म्हणजे -२७ डेसिबलऐवजी -४३. मात्र ‘आउटलेट~’ च्या आधी सबपॅचच्या आतच लो-पास लावावा लागतो. बाहेर येताना प्युअर डेटा नुसते मधले सॅम्पल गाळतो, फिल्टर करत नाही. आणि ‘लाइन~’, ‘एमटूएफ~’ सुद्धा आतच ठेवा, बाहेरून फक्त मेसेज पाठवा. सिग्नल बाहेरून आत नेलात की वाढलेल्या सॅम्पलच्या जागा कशाने भरायच्या हा वेगळा घोळ सुरू होतो, आणि स्वर भलतीकडेच जातो.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: करवत हार्मोनिकांमधून जोडा आणि प्रत्येकाला वर पोचण्याआधी विझवा. एक ॲबस्ट्रॅक्शन (पुन्हा वापरता येणारा वेगळा पॅच) करा, ‘क्लोन’ ने त्याच्या ४० प्रती काढा, क्रमांक १ पासून सुरू करायला ‘-एस १’. प्रत्येक प्रतीत:

‘इनलेट~’ (हर्ट्झ) → ‘*~ $१’ ($१ म्हणजे प्रतीचा क्रमांक). इथून दोन फाटे. एक ‘ऑस्क~’ कडे. दुसरा ‘*~ -०.०००५’ → ‘+~ ९’ → ‘क्लिप~ ० १’. दोन्ही फाट्यांचा ‘*~’ ने गुणाकार, त्याला पुन्हा १ भागिले $१ ने गुणायचं (लोडबँगवर, म्हणजे पॅच उघडताच, १ पाठवून ‘/ $१’), मग ‘आउटलेट~’.

त्या दुसऱ्या फाट्याचा हिशोब: १६,००० हर्ट्झपर्यंत गुणक १, तिथून उतरत १८,००० ला शून्य. खालच्या सा ला चाळिसावा हार्मोनिक ५,५४४ वर असतो, म्हणजे सगळे ४० वाजतात. वरच्या सा ला पहिले १६ उरतात, बाकीचे आपोआप गप्प. खाली आवाज थोडा बोथट आणि वर जाताना उजळ होतो, रायझरला ते उलट सोयीचंच. बाहेर आल्यावर ‘*~ ०.२’ ठेवाच. सगळे ‘ऑस्क~’ कोसाइनवर सुरू होतात, त्यामुळे शिखरं एकावर एक पडून बेरीज ४.२८ पर्यंत जाते. ‘फेझर~’ ठेवणार असाल तर तो ० ते १ मध्ये चालतो हे विसरू नका. आधी ‘-~ ०.५’, नाहीतर डीसी (शून्यापासून कायम सरकलेली पातळी) तसाच राहतो आणि आवाज बंद करताना ठोका बसतो.

मिडी_मावळा यांचा प्रतिसाद

नॉबबद्दल. कंट्रोल चेंजला १२८ किमती, म्हणजे १२७ पायऱ्या. ३६ सेमीटोन त्यात वाटले की एक पायरी २८ सेंटची. ही ऐकू येणारच.

नेहमीचा तोडगा: ‘सीटीएलइन’ → ‘* ०.२८३४६’ → ‘+ ४९’ → मेसेज ‘$१ ४०’ → ‘लाइन~’ → ‘एमटूएफ~’. नॉब झटकन फिरवला तर हे पुरतं. १५ सेकंद सावकाश फिरवला तर नाही. तेव्हा दोन पायऱ्यांमध्ये साधारण ११८ मिलिसेकंद जातात. ४० मध्ये स्वर पुढच्या पायरीवर पोचतो आणि उरलेले ७८ तिथेच थांबतो. पायऱ्यांच्या कडा घासल्या जातात, पायऱ्या राहतातच. ४० चे १२० केलेत तर सावकाश चढ गुळगुळीत होईल, पण झटका दिला की हात पुढे आणि स्वर मागे.

मधला मार्ग: ‘सिग~’ करून दोन ‘लोप~ २’ (लो-पास फिल्टर) एकामागे एक. एकाचा टाइम कॉन्स्टंट ८० मिलिसेकंद. सेकंदाला २.४ सेमीटोनच्या चढात दोन मिळून स्वर सुमारे ३८ सेंट मागे राहतो, थांबलात की अर्ध्या सेकंदाच्या आत जागेवर येतो. फक्त ‘+ ४९’ हे फिल्टरच्या नंतर ‘+~ ४९’ म्हणून लावा. ‘लोप~’ शून्यापासून सुरू होतं. ४९ आत गेलं तर पॅच उघडताच स्वर मिडी शून्यावरून, म्हणजे ८ हर्ट्झवरून, सूंऽऽ करत वर येतो.

पिच बेंडच्या चाकाला १६,३८४ किमती असतात, ३६ सेमीटोनला पायरी ०.२ सेंटची. पण प्युअर डेटात ‘बेंडइन’ ० ते १६,३८३ देतं आणि ‘बेंडआउट’ -८,१९२ ते ८,१९१ मागतं. मध्य ८,१९२ आधी वजा करा, नाहीतर चाकाला हात न लावता सगळं वर सरकलेलं असेल.

ड्रॉपला नेमकं पोचायचं असेल तर मात्र हे सगळं सोडा. नॉबला फक्त रॅम्प सुरू करू द्या, वेळ ‘लाइन~’ ला सांभाळू द्या. हाताने १५.० सेकंद साधत नाहीत.

कोमल_गंधार यांचा प्रतिसाद

चौथ्या प्रश्नावर अजून कुणी बोललं नाही.

यंत्रासारखी वाटण्याचं पहिलं कारण मुक्कामाचा स्वर. सा पासून ४ सेमीटोन वर ठेवलेला ग हा पेटीचा ग. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ५/४, म्हणजे ३८६.३ सेंट, पेटीच्या गपेक्षा १३.७ सेंट उतरा. सा ४९ असेल तर ग ५२.८६३ लिहा. पंचम ३/२ म्हणून ५६.०२, तिथे फरक फक्त दोन सेंटचा. मागे तंबोरा किंवा नुसता सा-प चा ड्रोन असेल तर ग चा फरक लगेच कळतो. मागे कीबोर्डचे कॉर्ड वाजत असतील तर ५३ च ठेवा, नाहीतर तुमचाच ग बेसूर ठरेल.

दुसरं कारण आकार. ‘लाइन~’ पूर्ण वेगाने निघतं आणि पूर्ण वेगात थांबतं. गळा किंवा सतारीची तार तसं करत नाही. निघताना वेग हळूहळू येतो, पोचताना हळूहळू सुटतो. त्यासाठी कोसाइनचा अर्धा फेरा पुरतो:

मेसेज ‘०, ०.५ ६००’ → ‘लाइन~’ → ‘कॉस~’ → ‘*~ -०.५’ → ‘+~ ०.५’ → ‘*~’ (उजवीकडे अंतर) → ‘+~’ (उजवीकडे सुरुवातीचा स्वर) → ‘एमटूएफ~’.

‘कॉस~’ ला १ म्हणजे पूर्ण फेरा, म्हणून ०.५ पर्यंतच जायचं. सा-प मींड ६०० मिलिसेकंदांत घेतली तर सरासरी वेग सेकंदाला ११.७ सेमीटोन पडतो, मध्यावर १८.४.

अडचण येते ती मींड अर्ध्यात तोडून दुसरीकडे वळताना. साधं ‘लाइन~’ आहे तिथून पुढे निघतं. इथे मात्र सुरुवात आणि अंतर नव्याने द्यावं लागतं. ‘एमटूएफ~’ च्या आधीच्या सिग्नलवर ‘स्नॅपशॉट~’ लावा. नवा स्वर आला की आधी स्नॅपशॉट वाचा, ती झाली नवी सुरुवात. नवा स्वर वजा सुरुवात हे अंतर. हे दोन्ही आकडे जागेवर बसल्यावरच ‘०, ०.५ ६००’ सोडा. क्रम ‘ट्रिगर’ ने बांधा, वायरी कुठल्या आधी ओढल्या यावर विसंबू नका.

इथे ‘व्हीलाइन~’ वापरायचा मोह टाळा. ते ब्लॉकच्या मध्येही सुरू होऊ शकतं, पण ‘*~’ आणि ‘+~’ चे उजवे आकडे ब्लॉकच्या सुरुवातीलाच बदलतात. मग दीड मिलिसेकंदापर्यंत जुना वक्र आणि नवं अंतर यांची गाठ पडते आणि स्वराला टिचकी बसते. ‘लाइन~’ सुद्धा ब्लॉकच्या सीमेवरच निघतं, म्हणून इथे तेच बरं.

वेळेचंही ठरवा. ६०० कायम ठेवलंत तर सा-रे आणि सा ते तार सा दोन्हीला तेवढेच लागतात, छोटी मींड रेंगाळते. अंतराची ॲब्सोल्यूट किंमत गुणिले ५० आणि वर ३०० असा हिशोब धरून पाहा: दोन सेमीटोनला ४००, पंचमाला ६५०, सप्तकाला ९००. आकडे चवीप्रमाणे बदला, पण ते ३०० काढू नका. निव्वळ अंतराच्या प्रमाणात वेळ ठेवली की श्रुतीएवढ्या मींडी झटक्यासारख्या निघतात.

पट्टीबदल यांचा प्रतिसाद

@कोमल_गंधार, ‘व्हीलाइन~’ बद्दल सहमत, पण रायझरमध्ये त्याचा उपयोग आहे. तुकड्यांचा चढ एकाच मेसेजमध्ये लिहिता येतो: ‘४९, ६१ १००००, ८५ ५००० १००००’. दहा सेकंदांत पहिलं सप्तक, मग पाच सेकंदांत उरलेली दोन. तिसरा आकडा म्हणजे किती उशिराने सुरू करायचं. मध्येच पुन्हा दाबलं तर नवा ‘४९’ पुढचे सगळे तुकडे रद्द करतो, वेगळं स्टॉप नको. हे ‘लाइन~’ ला दिलं तर चालणार नाही, त्याला उशीर कळत नाही.

खर्ज_षड्ज यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ‘पॉव~ २’ आणि क्लोनची करवत लावली, चिवचिव गेली. मींडीचा वक्रही चालतोय, ग ५२.८६३ वर ठेवलाय. आता दोन उपप्रश्न. एक, ब्रेकडाउनमध्ये १५ सेकंदांच्या ऐवजी मिनिटभर चढत राहणारा आवाज हवा आहे, पण तो कुठेच पोचायला नको. दोन, ४० प्रती सतत चालू राहून प्रोसेसर खातात, ड्रॉपनंतर त्या बंद कशा करायच्या?

सॉटूथ_साहेब यांचा प्रतिसाद

पहिल्याला शेपर्ड-रिसे ग्लिसांडो म्हणतात, स्वर कायम चढतोच आहे असा कानाला होणारा भ्रम. रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये सुट्या स्वरांचा मांडला, झाँ-क्लोद रिसे यांनी सलग केला. एकच ‘फेझर~ ०.०१२५’ घ्या, ८० सेकंदांचा फेरा. आठ आवाज, प्रत्येकात ‘+~’ ने ०, ०.१२५, ०.२५ असं पुढे सरकवून ‘रॅप~’. मग एक फाटा ‘*~ ९६’ → ‘+~ २५’ → ‘एमटूएफ~’ → ‘ऑस्क~’, दुसरा ‘कॉस~’ → ‘*~ -०.५’ → ‘+~ ०.५’ हा आवाजाचा गुणक. मिडी २५ आणि १२१ दोन्ही काळी एकचेच सा आहेत. आठ आवाज कायम एकेक सप्तकाच्या अंतरावर राहतात, दर १० सेकंदांना एक सप्तक चढतं. ‘रॅप~’ जिथे उडी मारतो तिथे गुणक शून्य असतो, म्हणून उडी ऐकू येत नाही. इथे करवत वापरू नका, साध्या साइनच हव्यात. हार्मोनिक भरले की वरून निसटणारे आवाज कान पकडतो आणि भ्रम मोडतो.

दुसऱ्यासाठी ‘क्लोन’ एका सबपॅचमध्ये टाका आणि त्यात ‘स्विच~’ ठेवा. १ ने चालू, ० ने बंद. बंद करण्याआधी बाहेरचा आवाज २० मिलिसेकंदांत शून्यावर आणा, रायझर सुरू झाल्यापासून ‘डिले १५०५०’ ने मग ० पाठवा. रॅम्पचं ‘लाइन~’ त्या सबपॅचच्या बाहेर राहू द्या. आत असेल तर बंद करताना ते आहे तिथेच गोठतं आणि पुढच्या वेळी चालू झाल्यावर उरलेला चढ तिथूनच पुढे काढतं.